‘तुमची माहिती जुळत नाही’ म्हटलं की काय करायचं? खात्या-खात्यांतली माहितीची देवाणघेवाण आणि आपली दुरुस्ती

सोलापूरच्या पूर्व भागात नावांची गंमत जुनी आहे. तेलुगू घरात आडनाव आधी लिहायची पद्धत. शाळेत मास्तरांनी ते मराठी वळणाने शेवटी नेलं आणि आधार केंद्रावरच्या पोराने इंग्रजी अक्षरांवरून संगणकाने जे मराठी उमटवलं ते तसंच ठेवलं. कन्नड घरातला शिवप्पा रेशनकार्डावर शिवाप्पा झाला, बँकेत नुसता शिवा राहिला. जोवर प्रत्येक खातं आपापल्या रजिस्टरात बघत होतं, तोवर याने कुणाचं काही अडलं नाही. आता खाती एकमेकांच्या रजिस्टरात डोकावतात. शिवप्पा आणि शिवाप्पा ही त्यांच्या लेखी दोन माणसं.

मी शेजारपाजारच्यांचे अर्ज लिहून देतो. मागे विडी वळणारी एक अक्का आली. तिचा लाडकी बहीण योजनेचा दर महिन्याचा हप्ता अचानक थांबला होता. चौकशी केल्यावर कळलं, ‘घरात चारचाकी आहे.’ अक्का म्हणाली, ‘‘चारचाकी कुठली ओ, घरात सायकल पण न्हाई की!’’ खोदून विचारल्यावर उलगडा झाला. नवऱ्याने सहा वर्षांपूर्वी एक जुनी जीप विकली होती. पैसे मिळाले, चावी दिली, कागद तसेच राहिले. परिवहन खात्याच्या नोंदीत मालक अजून तोच. तीन महिने ती ज्या खिडकीवर चकरा मारत होती, तिथे ही चूक दुरुस्त होणं शक्यच नव्हतं.

पुढचं सगळं त्या तीन महिन्यांवरून लिहितोय. नकार देणारी खिडकी आणि दुरुस्ती करणारी खिडकी बहुतेक वेळा वेगळ्या असतात. नोंद जिथे जन्मली तिथेच ती बदलते.

आधी कायदा कुठे आहे ते

काही राज्यांनी यासाठी थेट कायदे केले. राजस्थानचा जनआधार प्राधिकरण कायदा २०२० चा, हरियाणाचा परिवार पहचान कायदा २०२१ चा. कुटुंबाला एक क्रमांक द्यायचा आणि सगळ्या योजना त्यावर टांगायच्या, अशी ती रचना. आपल्याकडे असा एकच कायदा शोधत बसू नका. तरतुदी विखुरलेल्या आहेत आणि त्यातल्या काही आपल्या आजोबांच्या काळातल्या आहेत.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५४ बघा. शेतजमिनीचा दस्त नोंदवला गेला की नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याची सूचना तलाठ्याला आणि तहसीलदाराला पाठवायची. संगणक नव्हता तेव्हापासून एका खात्याने दुसऱ्याला माहिती कळवण्याचं हे बंधन आहे. पूर्वी कागद जायचा, आता ई-फेरफार प्रणालीतून जातो.

दुसरा कायदा जन्म-मृत्यू नोंदणीचा. मूळ कायदा १९६९ चा, त्यातली मोठी दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. राज्य पातळीवर आणि देश पातळीवर जन्म-मृत्यूचा डेटाबेस ठेवायचा आणि सरकारच्या मंजुरीने तो इतर यंत्रणांना द्यायचा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मतदार यादी, रेशनकार्ड, मालमत्ता नोंदणी अशा याद्या त्याला जोडता येतात. म्हणजे महापालिकेत नोंदवलेला मृत्यू उद्या रेशनच्या यादीत दिसला तर नवल नाही. चुकीचा नोंदवला असेल तर तोही दिसेल.

तिसरं, आधार कायदा, २०१६. त्याच्या कलम ७ मुळे सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या लाभासाठी आधार मागता येतं. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात राज्याच्या तिजोरीचाही समावेश झाला. त्याच कायद्याच्या कलम २९ नुसार बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं ही माहिती कुणालाच, कुठल्याच कारणासाठी द्यायची नाही. खाती एकमेकांशी जुळवतात ते नाव, जन्मतारीख, पत्ता आणि क्रमांक.

बाकी कारभार शासन निर्णयांवर, म्हणजे जीआरवर चालतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात आयकर भरणारा नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको, अशा अटी त्यात होत्या. सुरुवातीला लोकांच्या हमीपत्रावर अर्ज मंजूर झाले आणि नंतर इतर खात्यांच्या याद्यांशी ताडून पाहिले गेले. जून २०२५ पासून सुमारे २६ लाख नावांचा लाभ थांबवला गेला. यात खरोखर अपात्र किती आणि आमच्या अक्कासारख्या किती, हे यादीवरून कळत नाही.

आपल्याकडच्या कितीतरी घरांची सोयरीक तेलंगणात आहे, म्हणून तिकडचंही सांगतो. तिथे अनेक खात्यांची माहिती जुळवून सुमारे १९ लाख रेशनकार्डं रद्द झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रत्यक्ष घरी जाऊन पुन्हा पडताळणी करायला सांगितलं. यंत्राने काढलेलं नाव माणसाने तपासावं, हे मागताना आपण काही जगावेगळं मागत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पायरी १: नकाराचं कारण लेखी घ्या

‘सिस्टीममध्ये दाखवतंय’ हे कारण नव्हे. कुठल्या खात्याची नोंद, कुणाच्या नावाची, कुठल्या तारखेची, हे तीन प्रश्न विचारा. तोंडी सांगितलं तर घरी येऊन त्याच दिवशी अर्ज लिहा: ‘आज रोजी आपल्या कार्यालयात मला असे सांगण्यात आले की… कृपया हे लेखी कळवावे.’ आवक शिक्का मारून घ्या. शिक्क्याची ती प्रत पुढे प्रत्येक ठिकाणी लागते.

दाखला किंवा सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल, तर ठरलेल्या मुदतीत सेवा देणं किंवा कारणांसह लेखी नकार देणं हे त्या अधिकाऱ्यावर बंधनकारकच आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जन्म-मृत्यू दाखला वगैरे सेवा यात येतात. कार्यालयातल्या फलकावर आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर सेवेचं नाव, मुदत, अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी हे सगळं लिहिलेलं असतं. योजनेच्या पैशाचे हप्ते मात्र आपोआप यात येतात असं समजू नका. आधी यादीत बघा.

पायरी २: एका कागदावर सगळी नावं मांडा

वहीचं एक पान घ्या. डावीकडे कागदपत्रांची नावं लिहा: शाळा सोडल्याचा दाखला, जन्म दाखला, आधार, पॅन, बँक पासबुक, रेशनकार्ड, मतदार कार्ड, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, विवाह प्रमाणपत्र, विडी कामगार असाल तर ओळखपत्र आणि पीएफ. उजवीकडे प्रत्येकावर नाव *जसंच्या तसं* उतरवा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. त्यापुढे जन्मतारीख आणि मोबाइल नंबर.

हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या तासात सगळं समोर येतं. बहुतेक घरांत मला चारच प्रकारच्या चुका सापडतात. आडनाव पुढे-मागे झालेलं, माहेरचं नाव कुठेतरी राहिलेलं, इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हेचं आणि आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख. ती १ जानेवारी कुठून आली हे जुन्या लोकांना विचारा. केंद्रावर नुसतं वय सांगितलेलं असतं, तारीख संगणकाने घातलेली असते.

बँकेच्या रकान्यात एक जास्तीची गोष्ट लिहा. आधार खात्याला ‘लिंक’ असणं वेगळं आणि सरकारी पैसा ज्या खात्यात जातो ते खातं आधारशी ‘सीडेड’ असणं वेगळं. पैसा शेवटी सीड केलेल्या खात्यातच पडतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघता येते. ‘हप्ता आलाच नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा हप्ता विसरलेल्या जुन्या खात्यात साचलेला असतो.

पायरी ३: मूळ नोंद ठरवा आणि क्रम पाळा

लोक इथेच चुकतात. आधी रेशनकार्ड सुधारतात, मग आधार बदलतात, मग रेशनकार्ड पुन्हा चुकीचं होतं. माझा क्रम असा: आधी जन्माचा किंवा शाळेचा कागद, त्यावरून आधार, आधारवरून पॅन आणि बँक, शेवटी रेशन आणि योजना. जमीन वेगळ्या रांगेत चालते, ती खाली सांगतो.

आधारमध्ये नाव साधारण दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाईने जाऊ नका. १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्ता वगैरे बदलाला ७५ रुपये आणि बायोमेट्रिक बदलाला १२५ रुपये शुल्क आहे. जास्त घेतले तर आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पडद्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं स्वतः वाचल्याशिवाय ‘सबमिट’ करू देऊ नका. केंद्रावर गर्दी असते, मागचा माणूस कुरकुरतो. कुरकुरू दे.

लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालतं. अप्पा-अव्वा असलेलं पूर्ण नावच बदलायचं असेल, तर शासन राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या. एकदा राजपत्र हातात आलं की पुढच्या प्रत्येक खिडकीवर वाद कमी होतो.

जमीन: इथे सबुरी लागते

राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा झाला. तो काढताना सातबारावरचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवलं जातं. मंगळवेढा असो की माढा, सातबारावर ‘भीमा तुका’ आणि आधारवर ‘भीमराव तुकाराम’ आडनावासह, असा मामला सर्रास दिसतो. कधी सातबारावर वडीलच असतात, ज्यांना जाऊन दहा वर्षं झाली.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

लिहिताना झालेली चूक असेल, म्हणजे जुन्या हस्तलिखित सातबारावर बरोबर आणि संगणकीय सातबारावर चुकलेलं, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. सोबत जुना सातबारा आणि त्या फेरफाराची नक्कल जोडा. जुनी नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. हे कलम फक्त लेखनप्रमादासाठी आहे. ‘भावाचं नाव काढा’ असलं काही त्यातून होत नाही, आणि कुणी करून दिलं तर ते वरच्या अपिलात टिकत नाही.

हक्कच बदलला असेल, म्हणजे वारस किंवा वाटप, तर फेरफार लागतो. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं, हे कलम १४९ सांगतं. वारसाचा अर्ज ई-हक्क संकेतस्थळावरून घरबसल्या करता येतो. त्यानंतर कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. अर्जावर तसं लिहा. बोलताना तलाठीच म्हणा, सगळ्यांना कळतं. फेरफार मान्य नसेल तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील.

सातबारा बदलला तरी फार्मर आयडीत लगेच दिसेल असं धरू नका. दुरुस्त सातबारा घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे मंजुरी पुन्हा तपासून घ्या.

जन्म-मृत्यू

शहरात महापालिकेकडे, गावात ग्रामपंचायतीकडे. नोंदीतली चूक दुरुस्त करायची तरतूद जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. निबंधकाने नकार दिला तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येतं आणि त्याचा निकाल ९० दिवसांत लागायला हवा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यात काना-मात्राही चुकू देऊ नका. शाळा, पासपोर्ट, मतदार यादी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच चालणार आहे.

गाडी विकली, नाव राहिलं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ विकणाऱ्याचा, फॉर्म ३० हस्तांतराचा. एमएच १३ ची गाडी असेल तर सोलापूर आरटीओ. घेणारा सापडत असेल तर त्याला चहा पाजा आणि सही घ्या. सापडत नसेल तर विक्रीचा करार किंवा पैसे मिळाल्याचा पुरावा जोडून आरटीओला लेखी कळवा आणि पोच ठेवा. गाडी भंगारात गेली असेल तर नोंदणी रद्द करण्यासाठी कलम ५५ आहे.

गाडी तुमच्या नावावर नसेल, दिराच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल, तर आधी ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या जीआरमध्ये बघा. लाडकी बहीण योजनेत पती, पत्नी आणि अविवाहित मुलं एवढंच कुटुंब धरलं आहे. रेशनकार्डावर एकत्र असलेला दीर त्यात बसत नाही. अर्जात हे वाक्य जीआरच्या क्रमांकासह लिहा.

पायरी ४: माहितीच्या अधिकारात नेमकं मागा

कुठल्या खात्याने काय कळवलं हे कुणी सांगतच नसेल, तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर पुराव्यासह फुकट. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा लागतो. रागाने तीन पानं लिहू नका. हा नमुना:

‘माझ्या दि. ___ च्या अर्ज क्र. ___ बाबत पुढील माहितीच्या प्रती मिळाव्यात. (१) अर्जाची छाननी करतानाची टिप्पणी. (२) मी अपात्र असल्याची माहिती ज्या विभागाकडून आली, त्या विभागाचे नाव, पत्र किंवा यादीतील माझ्यापुरता उतारा. (३) ती माहिती प्रत्यक्ष पडताळली असल्यास त्याचा अहवाल. (४) ज्या शासन निर्णयानुसार ही माहिती मागवली, त्याची प्रत. ही माहिती माझी स्वतःचीच आहे.’

शेवटचं वाक्य उगाच नाही. वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(ञ) नोव्हेंबर २०२५ पासून आधीपेक्षा कडक झालं आहे. दुसऱ्याची माहिती मागितली तर त्यावर बोट ठेवतील. स्वतःची मागताय हे आधीच सांगून टाका. उत्तराला ३० दिवस, नंतर ३० दिवसांत पहिलं अपील २० रुपयांच्या तिकिटावर. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे, तुमचं नाही.

नवा डेटा कायदा किती उपयोगाचा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. लाभ, दाखले, परवाने देण्यासाठी सरकार आपल्या जुन्या नोंदी वापरू शकतं, असं कलम ७ म्हणतं. आपली माहिती पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क मात्र मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीला जोडलेला आहे. मला ही त्यातली सगळ्यात दुबळी जागा वाटते. जिथे हप्ता थांबतो, तिथेच हक्क धूसर. तरी कलम ८(३) धरून ठेवा. माहितीवरून एखाद्याबद्दल निर्णय घ्यायचा असेल किंवा ती दुसऱ्याला द्यायची असेल, तर ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत आहे हे बघण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर आहे. नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत सरकारी वापरासाठीही अचूकतेचा आणि गरजेपुरतीच माहिती वापरण्याचा निकष आहे. मुख्य तरतुदी लागू होईपर्यंत हातातली हत्यारं जुनीच.

अपील आणि लोकशाही दिन

लोकसेवा हक्काखाली पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं पुढच्या ३० दिवसांत, तिसरं ६० दिवसांत आयोगाकडे. आपल्यासाठी पुणे विभाग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. दंडाच्या रकमेपेक्षा अपील दाखल झाल्याची नोंदच जास्त काम करते, हा माझा अनुभव.

प्रकरण दोन-तीन खात्यांमध्ये लोंबकळत असेल तर लोकशाही दिन चांगला. तालुक्याला दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत पहिल्या सोमवारी. त्या दिवशी सगळ्या खात्यांचे अधिकारी एका खोलीत असतात, त्यामुळे ‘ते आमच्याकडे नाही’ म्हणणाऱ्याला शेजारच्याकडे बघावं लागतं. जिल्ह्याच्या लोकशाही दिनासाठी अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यायचा, एका अर्जात एकच तक्रार, आणि आधी खालच्या पातळीवर दाद मागितल्याचा पुरावा जोडायचा. पायरी १ मधली शिक्क्याची प्रत इथे लागते.

अक्काचं पुढे असं झालं. जीप घेणारा होटगी रोडच्या एका गॅरेजवाल्याच्या ओळखीतून सापडला. त्याने फॉर्मवर सही दिली, नाव बदललं, त्याची प्रत जोडून अर्ज पुन्हा केला. हप्ता सुरू झाला. मधल्या महिन्यांचे पैसे अजून आलेले नाहीत. त्याचा अर्ज पुढच्या पहिल्या सोमवारसाठी दिलाय.